थेरपिस्टनं घड्याळाकडे पाहिलं

ताई,

माझं वय 41. नैराश्य कधी सुरू झालं ते सांगता येत नाही, कारण त्याआधीची मी मला आठवतच नाही. कॉलेजात असताना घरचे म्हणायचे, हिचा स्वभावच असा, कायम तोंड पाडून बसते. नोकरी करते, घर चालवते, हसायचं तिथं हसतेही. पण आतून काही हलत नाही.

गेल्या दहा वर्षांत दोनदा थेरपी घेतली. एकदा बारा सेशन्स, एकदा दहा. दोन्ही वेळा चार-सहा महिने बरे गेले आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दोन वर्षांपासून गोळ्या चालू आहेत. झोप सुधारली, रडणं थांबलं, पण जगण्यात रस आला असं नाही. आता नवीन थेरपिस्ट म्हणते, आठवड्यातून एकदा, निदान दीड वर्ष धरून चला. दीड वर्ष! इतकं बोलायचं तरी काय? पैसे काढायचा प्रकार नाही ना हा? तिची सवय लागली तर? आणि चाळिशी उलटल्यावर लहानपणीचं उकरून काय मिळणार? कधी कधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं. जीव द्यायचा विचार नाही, पण कंटाळा आलाय.

एक वाचक

ता. क. पाचव्या सेशनला मी आईच्या अबोल्याबद्दल सांगत होते. आई रागावली की आठ-आठ दिवस बोलायची नाही. ते सांगत असताना थेरपिस्टनं घड्याळाकडे पाहिलं. मी 'बाकी सगळं ठीक आहे' म्हणून विषय आवरला. तेव्हापासून दोन आठवडे 'जमत नाही' असा मेसेज टाकतेय.

* * *

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही ताज्या कलमात टाकलीत. बहुतेक जण असंच करतात. सेशनमध्येही खरं बोलणं दाराच्या कडीला हात गेल्यावर होतं. त्या घड्याळाकडे मी येणारच आहे, पण आधी दुसरं एक वाक्य.

'सकाळी जागच आली नाही तर बरं.' हे वाक्य तुमच्या थेरपिस्टला आणि गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना, दोघांनाही, याच शब्दांत सांगा. बरीच वर्षं नैराश्यात काढलेल्या माणसांच्या मनात असं येतं. ते बोलून दाखवल्यानं वाढत नाही. मात्र 'जाग आली नाही तर' याचं 'कसं करावं' असं होऊ लागलं, म्हणजे मन साधनं, वेळ, जागा शोधू लागलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगायचं आणि हेल्पलाइन किंवा हॉस्पिटलचा आपत्कालीन विभाग गाठायचा.

आता दीड वर्षाचं.

तुम्ही लिहिलंय, त्याआधीची मी मला आठवत नाही. नैराश्याचा झटका येऊन गेलेला माणूस असं म्हणत नाही. तो म्हणतो, मी पूर्वी असा नव्हतो. त्याला परत जायला एक जागा असते. दीर्घकालीन नैराश्यात ती जागाच माहीत नसते. निदानाच्या भाषेत, दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस मन उदास असेल तर ते दीर्घकालीन. पूर्वी यातल्या सौम्य प्रकाराला डिस्थायमिया म्हणत आणि तीव्र प्रकार वेगळा मोजत. 2013 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनं दोन्ही एकाच नावाखाली आणले, कारण प्रत्यक्षात माणसं या दोन्हींत ये-जा करत असतात. त्यातही 21 व्या वर्षाआधी सुरू झालेलं नैराश्य हे आणखी चिवट प्रकरण असतं. तुमचं ते तसंच दिसतंय. जो काळ माणूस घडायचा, नेमका त्या काळात ते येऊन बसलं आणि घरच्यांनी त्याला 'स्वभाव' हे नाव दिलं. नाव मिळालं की कुणी औषध शोधत नाही.

म्हणून तुमची बारा आणि दहा सेशन्स वाया गेली असं मी म्हणणार नाही. चार-सहा महिने बरे गेले, याचा अर्थ तुमचं मन उपचाराला दाद देतं. फक्त वीस-पंचवीस वर्षांची घडी बारा तासांत मोडत नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकीत 326 रुग्णांचा एक अभ्यास झाला. त्यात नैराश्याचे आणि चिंताविकाराचे असे दोन्ही रुग्ण होते. काहींना सहा-सात महिन्यांची छोटी थेरपी दिली, काहींना तीन वर्षांपर्यंत चालणारी मनोगतिकीय थेरपी, म्हणजे मनोविश्लेषणाच्या मुशीतली. पहिल्या वर्षी छोट्या थेरपीवाले पुढे होते. तिसऱ्या वर्षी लांब थेरपीवाले पुढे गेले. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण सहा महिन्यांनी तुम्ही हिशेब मांडायला बसाल आणि म्हणाल, त्या बारा सेशन्सनी यापेक्षा लवकर गुण आला होता. आलाच असेल.

दुसरा अभ्यास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकचा, 2015 साली प्रसिद्ध झालेला. 129 रुग्ण, सगळे असे की निदान दोन उपचार करून झालेत आणि नैराश्य जागचं हललेलं नाही. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्यांच्या जोडीला दीड वर्ष आठवड्यातून एकदा मनोविश्लेषणात्मक थेरपी. (तुमच्या थेरपिस्टनं दीड वर्षाचा आकडा हवेतून काढलेला नाही, एवढं यावरून कळावं.) दीड वर्ष संपलं तेव्हा पूर्ण बरे झालेल्यांच्या संख्येत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. फरक दिसू लागला तो त्यानंतर, थेरपी थांबल्यावर. थेरपी संपून दोन वर्षं झाली तेव्हा थेरपी घेतलेल्यांपैकी 30 टक्के जण निदान अंशतः बरे होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी सुमारे 4 टक्के.

आता तुम्ही म्हणाल, शंभरातले तीसच? हो, तीसच. मी आकडा फुगवून सांगणार नाही. हा आजार हट्टी आहे आणि या अभ्यासात त्यातलेही हट्टी रुग्ण होते. पण तीस आणि चार यांतलं अंतर बघा, आणि ते अंतर थेरपी संपल्यावर वाढलं हे बघा. गोळीचा परिणाम गोळी थांबली की ओसरू शकतो. इथं उलटं झालं. सेशन्समध्ये जे शिकलं जातं ते माणूस नंतर वापरत राहतो, असाच याचा अर्थ मी लावते.

कुठली थेरपी, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण उद्या इंटरनेटवर शोधाल आणि गोंधळाल, म्हणून सांगते. एक वाट ही मनोविश्लेषणाची: फार आखीव कार्यक्रम नाही, जे मनात येतं ते बोला, आणि जुनी नाती आत्ताच्या नात्यांत कशी डोकावतात ते बघा. दुसरी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात उभी केलेली: विचार पकडा, तपासा, वागणं बदला. तुमची आधीची दोन्ही आवर्तनं बहुधा याच पद्धतीची होती. तीही लांब चालवता येते. जर्मनीत दीर्घकालीन नैराश्याच्या 252 रुग्णांवर या दोन्ही पद्धती लांब मुदतीच्या करून पाहिल्या. तीन वर्षांनी साधारण 45 टक्के पूर्ण बरे होते आणि दोन पद्धतींत म्हणावा असा फरक नव्हता. उपचार न घेणारा गट त्यात नव्हता, तेव्हा सगळं श्रेय थेरपीला देता येणार नाही. तरीही माझ्यापुरता निष्कर्ष असा, की पाटीवरच्या नावासाठी थेरपिस्ट बदलत फिरू नका. आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा वर्गही तुम्हाला सुचवला जाईल. वारंवार उलटणाऱ्या नैराश्याला आवर घालण्यासाठी तो चांगला आहे, पण तुम्हाला हव्या असलेल्या कामाच्या जागी तो बसत नाही.

तिसरी वाट मात्र खास दीर्घकालीन नैराश्यासाठीच आखली गेली आणि तुमचं घड्याळ तिच्यातून फार छान दिसतं. तिचं लघुनाव सीबास्प (कॉग्निटिव्ह बिहेवियरल ॲनालिसिस सिस्टिम ऑफ सायकोथेरपी). अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅक्युलो यांनी ती बांधली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लहानपणापासून नैराश्यात राहिलेल्या माणसाला आपल्या वागण्याचा समोरच्यावर काही परिणाम होतो हेच दिसेनासं होतं. मी काहीही केलं तरी व्हायचं तेच होणार, अशी त्याची खात्री असते. ही खात्री वाद घालून जात नाही. म्हणून एकच छोटा प्रसंग घ्यायचा आणि तो कागदावर सोलायचा. आपण घेऊ या.

काय घडलं? कॅमेऱ्यानं टिपलं असतं तेवढंच लिहायचं. मी आईच्या अबोल्याबद्दल बोलत होते. थेरपिस्टनं घड्याळाकडे पाहिलं. मी 'बाकी सगळं ठीक आहे' म्हटलं. सेशन संपलं. ('तिनं दुर्लक्ष केलं' हे इथं लिहायचं नाही. ते कॅमेऱ्याला दिसत नाही.)

मी त्याचा अर्थ काय लावला? तिला कंटाळा आला. माझं रडगाणं सगळ्यांनाच नकोसं होतं.

मी काय केलं? आवाज खाली आणला, विषय बंद केला, हसले, उठले.

शेवट काय झाला? माझं बोलणं अर्धवट राहिलं. दोन आठवडे गेले नाही.

मला काय हवं होतं? तिनं नीट ऐकून घ्यावं.

इथं ही पद्धत करणारा थेरपिस्ट तुम्हाला थांबवेल. कारण 'तिनं ऐकावं' हे तिच्या हातात आहे, तुमच्या नाही. जे हवं ते स्वतःला करता येण्यासारखं असलं पाहिजे. मग ते बदलून लिहायचं: मला माझं सांगणं पुरं करायचं होतं. हे तुम्हाला जमण्यासारखं होतं का? होतं. मिळालं का? नाही. आता मागे वळून तो अर्थ बघा, 'तिला कंटाळा आला'. तो खरा होता का, तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही विचारलंच नाहीत. हवं ते मिळायला तो उपयोगी पडला का? उलट त्यानंच तोंड बंद केलं. त्या जागी दुसरं काय चाललं असतं? 'तिनं घड्याळ पाहिलं, कारण मला माहीत नाही. विचारते.'

एवढंच. दिसायला पोरखेळ. पण असे तीस-चाळीस प्रसंग सोलून झाले की माणूस सेशनबाहेर, ऑफिसात, फोनवर, जेवायच्या टेबलाशी स्वतःच थबकायला लागतो. आता कळेल, दीड वर्ष कशाला लागतं.

याच पद्धतीत पुढची पायरी आहे. थेरपिस्ट विचारते: तुम्ही लहानपणी असं काही दुखरं सांगायला गेलात तर आई काय करायची? तुम्ही सांगाल, ती उठून जायची आणि आठ दिवस बोलायची नाही. मग ती विचारते: आणि आत्ता, मी काय केलं? तुम्ही तिच्याकडे बघता. ती उठलेली नाही. ती तिथंच बसून तुम्हाला विचारतेय. हा फरक डोक्याला आधीच माहीत असतो, अंगाला पहिल्यांदा कळतो. मनोविश्लेषणाच्या वाटेनं जाणारी थेरपिस्ट कदाचित इतके सरळ प्रश्न विचारणार नाही. ती तुमच्या दोन चुकलेल्या आठवड्यांपाशी थांबेल, आणि एखाद वेळी तुमचं तुम्हालाच लक्षात येईल की या वेळी अबोला तुम्ही धरलात. पोहोचायची जागा फार लांब नाही.

सीबास्पही रामबाण नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात, लहान वयात नैराश्य सुरू झालेल्या आणि गोळ्या न घेणाऱ्या 268 जणांना 48 आठवड्यांत 32 सेशन्स दिली. पहिल्या 20 आठवड्यांनंतर पाहिलं तेव्हा साध्या आधार देणाऱ्या थेरपीनं 24 टक्क्यांना चांगला गुण आला होता, सीबास्पनं 39 टक्क्यांना. पण दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा हा फरक उरला नव्हता. मी हे असं वाचते की 32 सेशन्स हीदेखील काहींना कमीच पडतात आणि अधूनमधून उजळणी लागते. दुसरा कुणी वेगळं वाचेल.

गोळ्यांचं. थेरपी चालू केली म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका. दीर्घकालीन नैराश्याच्या जवळपास 680 रुग्णांवर झालेल्या 2000 सालच्या मोठ्या अभ्यासात नुसती गोळी आणि नुसती सीबास्प यांना प्रत्येकी 48 टक्के प्रतिसाद मिळाला, दोन्ही मिळून 73 टक्के. त्यातलं औषध, नेफॅझोडोन, पुढे यकृताला इजा होते म्हणून बऱ्याच देशांत मागे घेतलं गेलं. आणि नंतरच्या एका अभ्यासात औषध बदलताना थेरपी जोडून जादा फायदा दिसला नाही. म्हणजे 73 हा आकडा देव्हाऱ्यात ठेवण्यासारखा नाही. तरी दोन्ही बरोबर चालवावं याकडे माझा कल आहे. दोन वर्षं त्याच गोळ्यांवर अर्धवट बरं वाटत असेल तर डॉक्टरांना पुन्हा एकदा सगळं तपासायला सांगा. डोस पुरेसा आहे का, थायरॉइड आणि बी-12 कधी पाहिलं होतं, झोपेत श्वास अडकतो का, आणि आयुष्यात कधी चार-सहा दिवस झोपेशिवाय भन्नाट उत्साहाचे गेले होते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर उपचारांची दिशाच बदलते.

लहानपणीचं उकरून काय मिळणार? त्याच 2000 सालच्या अभ्यासातल्या रुग्णांची माहिती तीन वर्षांनी पुन्हा चाळली गेली, तेव्हा एक गोष्ट दिसली: ज्यांच्या लहानपणी आईवडिलांपैकी कुणी गेलं होतं, मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा हेळसांड झाली होती, त्यांना नुसत्या गोळीपेक्षा थेरपीनं जास्त गुण आला. आठ-आठ दिवसांचा अबोला यात कुठं बसतो ते मी पत्रावरून ठरवणार नाही. पण आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाहीये. तुम्ही तिच्याबरोबर जगायला जे शिकलात, गप्प बसायचं, ठीक आहे म्हणायचं, निघून जायचं, ते तेव्हा शहाणपणाचं होतं. तेच अजून चालू आहे, एवढंच पाहायचंय.

सवय लागण्याची भीती. काही काळ टेकू लागेल, लागू द्या. माझ्या अनुभवात तुमच्यासारख्यांचा प्रश्न उलटा असतो: ती टेकतच नाहीत. पाचव्या सेशनला निसटतात. पण लांबलेली आणि वाईट अशी थेरपीही असते, तेव्हा तुमचा संशय अगदीच चुकीचा नाही. विचारा तिला: तुमची पद्धत कोणती, आपण कशावर काम करतोय, आणि सुधारतेय हे आपल्याला कशावरून कळणार? ती या प्रश्नांनी चिडली तर ते उत्तरच समजा. दर तीन महिन्यांनी आढावा घ्यायचं ठरवून घ्या. पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे, 0 ते 27 गुणांची. आज भरून ठेवा. गुण निम्म्यावर आले तर उपचार लागू पडतोय, 5 च्या खाली आले आणि तिथंच टिकले तर उत्तम. मधे एखादा महिना वर जातील, घाबरू नका, दुखरं काही निघालं असेल. पण सहा-आठ महिने गुणही हलले नाहीत आणि रोजच्या जगण्यात बोट ठेवून दाखवता येईल असं काहीच बदललं नाही, तर पद्धत किंवा थेरपिस्ट बदलण्याबद्दल तिच्याशीच बोला. जी स्वतःचीच कहाणी सांगत बसते, गोळ्या सोडायला सांगते किंवा सेशनबाहेर मैत्री करू पाहते, तिच्याकडे सहा महिनेही थांबू नका.

घड्याळाचं माझं सांगते. मीही थेरपी करते, आणि मीही पाहते. समोरची व्यक्ती काही दुखरं बोलायला लागली की हमखास पाहते, कारण शेवटची दहा मिनिटं त्या व्यक्तीला पुन्हा रस्त्यावर चालता येईल इतपत सावरायला लागतात. एकदा एकीनं मला तोंडावर विचारलं, 'मी लांबण लावतेय का?' मी ओशाळले. तेव्हापासून घड्याळ माझ्या पाठीमागून काढून आमच्या दोघींच्या बाजूच्या भिंतीवर लावलंय, तिलाही दिसेल असं. तुमच्या थेरपिस्टनं का पाहिलं, मला माहीत नाही. कदाचित तिला खरंच कंटाळा आला असेल. तसं असेल तर तेही तिच्याकडूनच कळायला हवं.

तेव्हा या आठवड्याची वेळ घ्या. खोलीत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हे बोला, शेवटच्या पाचात ठेवू नका. पाठ होत नसेल तर कागदावरून वाचा: 'मागच्या वेळी मी आईबद्दल बोलत होते तेव्हा तुम्ही घड्याळ पाहिलंत. मला वाटलं तुम्हाला कंटाळा आला. म्हणून मी दोन आठवडे आले नाही. तुम्ही का पाहिलंत?' आणि मग थांबा. ती उत्तर देईपर्यंत 'बाकी ठीक आहे' म्हणू नका.